युनिसबाईंच्या नव्वदीची फुलपाखरं

प्रिय आर्डिसताई,

तुला आणि वॉल्टरभाऊजींना सप्रेम नमस्कार. ह्यूस्टनच्या उकाड्यात तुझा गुडघा काय म्हणतोय आणि भाऊजींचं पथ्य खरंच चालू आहे की नुसतं तुझ्यासमोर चालू आहे, ते सविस्तर कळव. इकडे आयोवात मका डोक्याच्या वर गेलाय, डेल्बर्टचं ब्लडप्रेशर ठीक आहे आणि माझा डावा डोळा आता उघडतो. (फोनवर हे मुद्दाम बोलले नाही. तू ओरडली असतीस.)

त्याचं असं झालं. आमच्या शेजारच्या युनिसबाई हल्ली वृद्धाश्रमात असतात, हे तुला ठाऊक आहे. त्यांच्या नव्वदीला काय आणू म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "केक नको, चावायला दात नाहीत. उडणारं काहीतरी आण." मी पडले उत्साही. चाळीस मोनार्क फुलपाखरं सोडते, असा शब्द देऊन बसले आणि मागच्या जाळीच्या व्हरांड्यात सुरवंट पाळले. हे सुरवंट मिल्कवीड या रानझुडपाच्या पानांशिवाय दुसरं काही तोंडात घेत नाहीत (या बाबतीत ते भाऊजींवर गेलेत), आणि पान तोडलं की पांढरा चीक येतो. एका सकाळी त्याच हाताने मी घाम पुसला. दुपारपर्यंत सगळं जग बटरपेपरातून दिसायला लागलं. डोळ्यांची डॉक्टर म्हणजे कालची पोर. तिने विचारलं, "आजी, डोळ्यात गेलं तरी काय?" म्हटलं, सुरवंटांचं जेवण. तिने थेंब दिले, पट्टी बांधली आणि हा उद्योग बंद करा म्हणाली. मी विचारलं, मग त्यांना खाऊ कोण घालणार, तू? त्यावर तिने मला हातमोज्यांचा एक खोका दिला. मुलगी गुणी आहे.

मग एका डोळ्याने आणि दोन हातमोज्यांनी काम सुरू झालं. तोवर सुरवंटांनी माना टाकायला सुरुवात केली होती. चांगले गुबगुबीत सुरवंट मलूल व्हायचे, काळे पडायचे आणि उलटे लोंबत राहायचे. मी पिंजरे ब्लीचने धुतले, गर्दी कमी केली, रोज घाण काढली. व्हरांड्याला पोहण्याच्या तलावासारखा वास येतो, अशी डेल्बर्टची तक्रार होती. (त्याला पोहता येत नाही.) जे वाचले त्यांनी कोष केले, आणि मला वाटलं, सुटले. पण कोषातून फुलपाखरं निघाली ती ओल्या रुमालासारखे चुरगळलेले पंख घेऊन. काही दिसायला धडधाकट होती, पण मला शंका आली. शाळेतून मायक्रोस्कोप मागून आणला, एकेकाच्या पोटाला चिकटपट्टी हलकेच लावून काचेखाली पाहिली. पट्टीवर आलेल्या पोटाच्या खवल्यांच्या मधे तपकिरी बारीक दाणे. ते एका परजीवीचे बीजाणू. फुलपाखरू ते अंगावर घेऊन फिरतं, पानावर सांडतं, आणि ते पान खाणारं पुढचं पिल्लू आजारी पडतं.

डेल्बर्ट म्हणाला, "अगं, सोडून दे. त्या म्हाताऱ्यांना काय कळणार आहे?"

ताई, लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला 'गप्प बस' म्हणाले. (पहिल्यांदाच नसेल.) यातलं एक जरी उडालं, तरी हिवाळ्यासाठी मेक्सिकोपर्यंत जाता जाता तो रोग वाटत जाईल. युनिसबाईंची हौस म्हणून मी हे करणार नव्हते. आजारी फुलपाखरांना त्यातल्या त्यात सुखाचं मरण थंडीतलं, असं वाचलं होतं. म्हणून कागदाच्या पाकिटांत घालून फ्रीझरमध्ये ठेवली, डेल्बर्टच्या आइस्क्रीमशेजारी. तेव्हापासून त्याने आइस्क्रीमला हात लावलेला नाही. शेवटचं पाकीट ठेवताना मी रडले. त्याला सांगितलं, डॉक्टरच्या थेंबांनी डोळा वाहतोय. त्याने रुमाल दिला, दोन्ही डोळ्यांसाठी.

निरोगी उरली फक्त दोन. वाढदिवसाला वृद्धाश्रमातली सगळी मंडळी हिरवळीवर खुर्च्या टाकून बसलेली, आणि भिंतीवर भलामोठा फलक: 'चाळीस फुलपाखरांचा सोहळा'. मी उभी राहिले आणि खरं ते सांगितलं. बाकीची आजारी होती, म्हणून सोडली नाहीत. मग युनिसबाई म्हणाल्या, "आजारी असलं की बाहेर सोडत नाहीत, हे आम्हाला का नवीन आहे?" हशा पिकला तो थांबेना. पहिलं फुलपाखरू छपरावरून निघून गेलं. दुसरं युनिसबाईंच्या बाहीवर बसलं, आणि झोपेतसुद्धा बोलणाऱ्या त्या बाई ते उडेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दोनच बरी. चाळीसांत कुणाकडे बघायचं?"

भाऊजींना नमस्कार, मांजराला गोंजारणं.

तुझी धाकटी,
लव्हॉन

ता. क. जूनमध्ये तू लाल-केशरी फुलांचं मिल्कवीड गाडीत घालून एवढ्या लांब घेऊन आलीस ना, माझ्या सुरवंटांची पहिली अंडी त्याच्यावरची. तुझ्याकडे थंडी पडत नाही, ते झाड मरत नाही, आणि वर्षानुवर्षं त्याच पानांवर रोग साठत जातो. माझ्याकडचं मी उपटलं. तुझं कुंपणाजवळचं अख्खं रान तू पाणी घालून वाढवलंयस, मला माहीत आहे. तरी ऑक्टोबरात ते जमिनीलगत काप. एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसले होते.

ता. क. दुसरा: तुला जिवावर आलं तर मी स्वतः कात्री घेऊन येते. गाडी डेल्बर्ट चालवेल. त्याला अजून सांगितलेलं नाही.