डाव्या कोपराची जागा

दि. ६ ऑक्टोबर

चि. रेडिओस अनेक आशीर्वाद.

आज रविवार. सकाळी पाणी भरलं. गच्चीवरच्या कुंड्यांना घातलं. उमललेले गुलाब कात्रीने उतरवले आणि वरच्या खोलीत ठेवले. दुपारी पडलो, झोप लागली नाही. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणि ब्लेड आणलं.

तुझं पत्र मिळालं. लहानपणी दिवसभर बडबडायचीस म्हणून पडलेलं रेडिओ हे नाव तू अजून सहीला वापरतेस. लग्नाची तारीख नक्की झाली हे वाचून बरं वाटलं. हॉलच्या बाहेर पडताना तुमच्यावर उधळायला कागदाच्या चकत्या हव्यात, म्हणून तू लिहिलंस. प्रेसमधून निवृत्त झालो तरी कटिंग खात्यात ओळख आहे. पोतंभर मिळतील. पूर्वी मी नात्यातल्या सगळ्या लग्नांना त्या पुरवत असे आणि तुझी आई दर वेळी चिडत असे. आठवडाभर केसांतून चकत्या निघतात, म्हणायची. तुझ्या लग्नात कागद उधळू देणार नाही असंही म्हणाली होती.

एक सांगायचं आहे. चकत्या देईन, पण मला त्या रांगेत उभं करू नकोस. मी मागे खुर्चीवर बसेन. प्रेसमधल्या घडीच्या मशीनच्या आवाजाने माझे कान नेले तेव्हापासून चारचौघांत मला तुझ्या आईचं बोट लागत आलं. डाव्या कोपराला एकदा लागलं म्हणजे कोणी तरी माझ्याशी बोलतंय. दोनदा लागलं म्हणजे आता. आता टाळ्या, आता उठा, आता हसा. ती गेल्यावर तुझ्या मामांच्या, मास्तरांच्या, निरोप समारंभाला गेलो होतो. लोक दुःखाचं काही ऐकत होते आणि मी टाळ्या वाजवल्या. तुझ्या फोटोत तसं नको.

जपून राहा. आठवण ठेव.

तुझा,
बाबा

दि. १३ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचलं. शेजारची विचारत होती, या जमान्यात पत्र कोण पाठवतं. मी सांगितलं, मेसेजवर आमचे बाबा फक्त "ठीक" लिहितात, कागदावर निदान साबण आणि ब्लेड तरी कळतं.

आता महत्त्वाचं. चकत्या रद्द. हॉलवाल्यांनी कागद उधळायला साफ मनाई केली आहे, झाडायला त्रास होतो म्हणे. म्हणजे शेवटी आईचंच खरं झालं. वाळवलेल्या पाकळ्या चालतील असं ते म्हणाले. मला लगेच वरची खोली आठवली. तुम्ही गुलाब वर ठेवल्याचं लिहिलंत, म्हणजे आईसारखे वाळवताय ना? मला त्याच हव्यात. बाजारातल्या नकोत.

आमच्या फोटोवालीने सगळं समजावून सांगितलं आहे. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी करायची. प्रत्येकाच्या हातात पाकळ्यांचा कागदी कोन. अंगावर फेकायचं नाही, डोक्याच्या वर आभाळाकडे उडवायचं, म्हणजे चेहरे झाकत नाहीत आणि पाकळ्या सावकाश खाली येतात. आम्ही दोघं हळूहळू उतरायचं. ती एक, दोन, तीन म्हणणार आणि तीनला सगळ्यांनी एकदम. मागेपुढे झालं की फोटोत काही पाकळ्या वर, काही जमिनीवर, मधे नुसते उघडे हात. माझा ड्रेस पांढरा आहे, त्यामुळे गडद पाकळ्या उठून दिसतील. फक्त डाग पडणार नाहीत ना, तेवढं सांगा.

आणि खुर्चीचं नाव काढू नका. तुम्ही रांगेत नसाल तर मी उधळणच ठेवणार नाही. कोरडी उतरेन. मग फोटो बघून तुम्हालाच वाईट वाटेल.

माझ्यावर रागावू नका, पण ऐका.

तुमची,
रेडिओ

दि. २० ऑक्टोबर

चि. रेडिओस अनेक आशीर्वाद.

पाकळ्या वाळवतो आहे. त्याचं असं आहे. देठाकडचा पांढरा भाग खुडायचा, चादरीवर एकाला एक न चिकटता पसरायच्या, खिडकी बंद, पडदा ओढलेला. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो. रोज सकाळी हाताने परतायच्या. पूर्ण वाळली की पाकळी डाग देत नाही. ओलसर हाताला मात्र गडद गुलाबाचा रंग लागतो, म्हणून कोनच बरे. कोनांचा कागद मी कापून देईन.

तुझी आई गेल्यापासून वरच्या खोलीत मी फारसा जात नव्हतो. आता रोज जातो. परवा वर गेलो तर पाकळ्या परतलेल्या वाटल्या. आदल्या दिवशी मीच उशिरा परतल्या असतील. खाली बसलो असताना कधी कधी जमिनीतून पायांना हादरा जाणवतो, वर कोणी चालावं तसा. प्रेसमध्येही मला मशीन कानांनी नाही, तळव्यांनी कळायचं. रस्त्यावरून मोठी गाडी गेली की तसं होत असेल. एकदा मात्र मी जिन्यापाशी जाऊन चहा घेणार का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट पाहत उभा राहिलो. मग लक्षात आलं की उत्तर आलं असतं तरी मला ऐकू आलं नसतं. खाली आलो.

हे तुला का लिहिलं कळत नाही. काळजी करू नकोस, जेवणखाण ठीक आहे.

रांगेचं मी अजून हो म्हटलेलं नाही. दोन्ही रांगांतली माणसं तीनला हात उडवतील आणि मी त्यांचं पाहून चारला. मधे उघडे हात, म्हणालीस ना, ते माझे असतील.

तुझा,
बाबा

दि. २८ ऑक्टोबर

ती. दाजींस सा. न. वि. वि.

भाचीचा मला सविस्तर हुकूम आला आहे, सोबत धमकी. मामा असून तुम्हाला एवढं जमत नसेल तर तुमचा काय उपयोग, असं तिने लिहिलं आहे. सबब आपल्या बाबतीत मी पुढील व्यवस्था केली आहे.

मी आपल्या डाव्या हाताला उभा राहणार. "तीन" झालं की आपल्या कोपराला बोट लावणार, ताई लावायची तसं, दोनदा. मी जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकली. हजार पोरांचे हात एका वेळी वर नेले, एका दाजींचा नाही नेता येणार? आपण फक्त कोन उंच उडवायचा. बाकी जबाबदारी माझी.

त्या निरोप समारंभाचं मनातून काढून टाका. माझाच समारंभ होता आणि आपल्या टाळ्या मला आवडल्या. मुख्याध्यापक दुःखाचं काही बोलत नव्हते, माझं कौतुक चाललं होतं. रडवेल्या आवाजात बोलले, म्हणून लोकांचे चेहरे तसे झाले. एकट्या आपल्यालाच बरोबर कळलं.

दाजी, ताई असती तर तिने तुम्हाला ओढत रांगेत आणलं असतं. मी ओढणार नाही, पण शेजारी उभा राहीन.

आपला लोभ आजवर पुरला, पुढेही पुरवावा.

आपला,
मास्तर

दि. १५ नोव्हेंबर

चि. रेडिओस अनेक आशीर्वाद.

मास्तरांचं पत्र आलं. रांगेत उभा राहतो.

पाकळ्या तयार आहेत. मोठे डबे भरले, झाकणं घट्ट बसवली. उघडले की सगळ्या घराला वास येतो. नाही उघडले तरी जिन्यात येतो. कोनही कापून ठेवले. लग्नाच्या दिवशी सकाळी मी स्वतः भरेन, आधी भरले तर कागद ओल धरतो.

सवय व्हावी म्हणून मी गच्चीवर एकटाच उभा राहून रिकामा कोन उडवून पाहतो. समोरच्या बाई कपडे वाळत घालताना बघत राहिल्या. कोपर थोडं बाहेर धरावं लागतं, नाहीतर बोट लावणाऱ्याला सापडत नाही.

काल दूध तापत ठेवून मी खिडकीशी उभा होतो. काही कारण नसताना वळलो. दूध नुकतंच कडेला आलं होतं. गॅस बंद केला. तुझी आई असताना मी अशा वेळी का वळायचो ते मला माहीत होतं. काल का वळलो ते माहीत नाही.

प्रवासाची तयारी झाली. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला आहे.

तुझा,
बाबा

दि. ९ डिसेंबर

ती. बाबांस दोघांचा सा. न. वि. वि.

आम्ही नव्या घरात स्थिरावतो आहोत. नळ गळतो, तुमच्या जावईबापूंना पाना कुठे धरायचा कळत नाही, पण ते मान्य करत नाहीत. पुढच्या वेळी येताना तुमची हत्यारं आणा.

फोटो आले. सोबत एक पाठवते आहे. बाबा, नीट बघा. फोटोवालीने त्या वेळी एकामागून एक पुष्कळ फोटो काढले. नंतरच्या सगळ्यांत आम्ही ठरवलं होतं तसंच आहे, सगळ्यांच्या पाकळ्या वर, सगळ्यांची तोंडं उघडी, छान. पण हा त्या सगळ्यांच्या आधीचा. तिची मोजणी "दोन"वर होती. रांगेत सगळ्यांचे कोन अजून छातीशी आहेत. हवेत फक्त तुमच्या पाकळ्या. मान वर करून मी त्याच बघते आहे. मी इतकी शांत दिसू शकते हे मलाच माहीत नव्हतं. फोटोवाली म्हणाली, ठरवून असा फोटो मिळत नाही. आम्ही हाच मोठा करून लावला आहे. तुम्हाला पाहून मग बाकीच्यांनी घाईघाईने उडवलं, तेही बरंच झालं.

मला फक्त एक कळत नाही. मामा तुमच्या शेजारी दिसत नाहीत. तुमच्या डाव्या हाताला जागा रिकामी आहे. फोटोवाली सारखी सांगत होती, रांग जुळवा, मधे फट नको. सगळीकडे जुळली, तिथे नाही. मग तुम्हाला खूण कोणी केली?

घरी एकटे आहात, जेवणाची टाळाटाळ करू नका. माझ्यावर माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
रेडिओ

दि. ११ डिसेंबर

ती. दाजींस सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मला लाज वाटते. भाचीने फोटो दाखवला आणि मी काय केलं ते माझ्या लक्षात आलं.

फोटोवालीने उंच माणसं मागे घेतली. मी हलता हलता वरच्या पायरीवर गेलो. तिथून दोन्ही रांगा दिसत होत्या. रांगा दिसल्या की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे आपण जाणताच. कोणाचा कोन वाकडा, कोण पुढे आलंय, हे बघत बसलो आणि आपल्याला दिलेला शब्द विसरलो. आपल्या पाकळ्या वर गेलेल्या दिसल्या तेव्हासुद्धा मनात आलं, दाजींनी घाई केली. त्यांना कोणी सांगितलं, हे मनात आलं नाही.

मग चौकशी केली. आपल्यापासून डावीकडे जावयांच्या आत्या होत्या. त्यांनी हात लावला नव्हता. त्या म्हणाल्या, तुमच्या दाजींनी कोपर असं बाहेर धरलं होतं की तिथे कोणी तरी यायचं आहे असं वाटलं, म्हणून मी जागा सोडली. मागे भिंत होती. आणखी कोणी नव्हतं.

मी ताईची जागा घेतो म्हणालो आणि ती रिकामी ठेवून निघून गेलो. मोठ्या मनाने क्षमा करावी.

आपला,
मास्तर

दि. १६ डिसेंबर

चि. रेडिओस व जावईबापूंस अनेक आशीर्वाद.

तुमचा फोटो मिळाला. मास्तरांचंही पत्र आलं. त्यांना वेगळं लिहितोच, पण तूही सांग, वाईट वाटून घेऊ नका. ते जागेवर नव्हते हे बरं झालं, असं सांगू नकोस. नुसतं वाईट वाटून घेऊ नका एवढंच सांग.

खुणेचं विचारलंस. कोपराला बोट लागलं. दोनदा. मी मास्तरच समजलो. वळून पाहिलं नाही, कारण तसं पाहायची मला कधी सवय नव्हती. बोट लागलं की हात उचलायचा, इतकंच.

आता लवकर का उडवलं ते. तुझी आई नेहमी जरा आधीच बोट लावायची. मला हात उचलायला वेळ लागतो हे तिला माहीत होतं. लोकांच्या टाळ्या सुरू व्हायच्या थोडं आधी, म्हणजे मी बरोबर त्यांच्यात सामील व्हायचो आणि कोणाला कळायचं नाही. मास्तर तीनलाच लावणार होते. हे बोट दोनला लागलं. आणि या वेळी माझा हात लगेच उठला. मी वाटच पाहत होतो.

तुला यातलं काय पटेल ते पटू दे. मला स्वतःला नक्की काही सांगता येत नाही. वाऱ्याने बाही हलली असेल.

लग्नातला शर्ट मी परत आल्यापासून खुंटीवर होता. तुझं पत्र वाचून काढून पाहिला. डाव्या बाहीला कोपराच्या मागच्या अंगाला गुलाबी डाग आहे. लहान, बोटाच्या पेरासारखा. उधळताना सगळ्यांच्या हातात कोन होते, पाकळ्यांना थेट हात फक्त माझा लागला होता, सकाळी कोन भरताना. तेव्हा घाम आलेला होता. उजवा हात मागे नेऊन पाहिला. तिथवर पोचतो. तेव्हा माझाच असेल.

वरच्या खोलीतल्या चादरी झटकून घडी घातल्या. पाकळी एकही ठेवली नाही. आता पायांना हादरा जाणवत नाही. मोठ्या गाड्यांनी रस्ता बदलला असेल.

नळाचं जावईबापूंना सांग, पाना बाजूला ठेवा, आधी वॉशर बदला. तुम्हा दोघांची आठवण काढतो, तुम्हीही काढत जा.

तुझा,
बाबा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी पुन्हा उघडलं. डाग शिळा होऊ द्यायचा नाही, असं तुझी आई म्हणायची. आत्ता बादलीत गार पाणी घेतलं, बाहीला साबण लावला, हलक्या हाताने चोळलं. डाग गेला. शर्ट पिळून गच्चीवर वाळत घातला आहे.