सेलात गेलेला पटका

कोल्हापूर, वसुबारसंच्या आदीचा सोमवार

चि. सौ. धोंडू, तुला आशीर्वाद, पावण्यांना रामराम आणि म्हशीच्या पाठीवर माझ्या नावानं एक थाप. मी बरा हाय. गुडघा बरा न्हाय, पण त्येचं काय तुला कळत न्हाय, तवा सोड. तुझी तब्येत कशी हाय ते मातूर उलट टपालानं कळव आणि खाली तुझा अंगठा उठवून कळव, कारण गेल्या गुरवारी सांजच्याला हितं आमच्या गल्लीत तू वारलीस. (पत्र पावणं वाचून दाखवत असले तर हितं थांबू नका म्हणावं, पुढं वाचा.)

त्येचं असं झालं. तानी गेली तवा तेराव्याला तू उंबऱ्यात पायताण घालताना म्हणालीस, दादा, वहिनी हुती तवर माहेर हुतं. तसल्या वेळी बोलायचं काय असतंय ते तानीलाच ठाऊक असायचं. त्यानंतर दोन भाऊबिजा गेल्या. एकदा तुझी म्हैस आडवी आली, एकदा घाटात पाऊस. (तुमच्या गगनबावड्यात दिवाळीतबी पाऊस पडतो हे खरं, पण मोटार बंद व्हण्याएवढा न्हाय. आपल्या गल्लीतला सयाजीच त्या मोटारीवर डायवर हाय, त्येला इचारलंय मी.) तुझं लुगडं दरसाल तानी निवडायची आणि मी मागं उभा राहून आटप, आटप म्हणायचो. यंदा म्हटलं आपणच निवडायचं, त्यात काय मोठं.

शाहूपुरीत एका कापडदुकानानं सेल काढलाय. सेल म्हंजे काय ते शेजारच्या शालूबाईनं सांगितलं: वर्षभर जे कुणी घेतलं न्हाय ते समद्यांनी एकाच दिवशी घ्यायचं. मला असला गाजावाजा आवडत न्हाय. पण तीच म्हणाली इरकल लुगडी चांगली आल्यात, म्हणून गेलो. काय ती गर्दी! लढाईच्या टायमाला रेशनवर कंट्रोलच्या कापडालाबी एवढी रेटारेटी नव्हती, तिथं निदान दारात पोलीस असायचा. एक बाई माझ्या पायावर उभी राहून, कोण मेला ढकलतोय, म्हणून मलाच शिव्या देत हुती. मला आत जावंच लागलं न्हाय. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि लोकांनी उचलून मला लुगड्यांच्या ढिगापाशी नेऊन ठेवलं. जल्मात पहिल्यांदा वाट न चुकता कुठंतरी पोचलो.

बहिणीला लुगडं पायजे म्हटल्यावर तिथं एका पोक्त बाईनं इचारलं, बहीण काळी का गोरी? मला सांगता येईना. जल्मल्यापासनं तुला बघतोय, पण बहिणीचा रंग कोण बघतंय? म्हटलं, माझ्यासारखी. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि निम्मी लुगडी मुकाट्यानं बाजूला सारली. मग एक अंजिरी रंगाचं, तांबड्या काठाचं काढून माझ्याच खांद्यावर पदर सोडला. चार बायका म्हणाल्या शोभतंय. मी पदर सावरून उभा राहिलो. तुझ्यासाठी काय काय करावं लागतंय बघ.

आता रंग जातोय का ते बघायचं हुतं. तानी पदराचं टोक ओलं करून पांढऱ्या धोतरावर घासायची (माझ्याच). पाण्याचा माठ कोपऱ्यात. लुगडं सोडून जावं तर दुसरं कोणतरी उचलणार. मग आपण मोटारीत खिडकीतनं जागा धरतो तसा मी डोईचा पटका काढला, लुगड्यावर टाकला आणि पाण्याला गेलो. ओंजळ भरून परत आलो तवर पाणी समदं लोकांच्या अंगावर गेलतं. लुगडं हुतं. पटका नव्हता. नोकराला इचारलं, तर म्हणतो, "तो व्हय? तो इकला की, पावणं. एकच नग हुता."

दारात बघतो तर बनाबाई म्हणून वडणग्याची एक म्हातारी, माझा पटका कागदात बांधून घेतीया. मी तोंड उघडणार, तवर तीच बोलाय लागली. भावासाठी घेतला म्हणाली. बांधाच्या भांडणात चार वर्षं बोलत न्हाय तो माझ्याशी. यंदा पटका घेऊनच जाते, बघू कसा बोलत न्हाय. मग वास घेऊन म्हणाली, "जरा तंबाखूचा वास येतोय बघा." नोकर म्हणाला, "म्हणून तर सेलात हाय, आक्का." आता सांग, तिच्या हातातनं काढून कसा घेऊ? मी म्हटलं, रंग पक्का हाय, आक्का, बिनघोर न्या. (दोन पावसाळं मीच भिजवलाय.)

लुगडं बगलेत मारून निघालो तवा कुठं ध्यानात आलं, की आपण बोडकं हाय. आणि बोडक्या डोक्यानं, बगलेत नवं लुगडं घेऊन आपल्यात माणूस कवा चालतो ते तुला सांगाय नको. मयताला डोई बोडकी, आणि बाईमाणूस गेलं की माहेरचं लुगडं लागतंय. वाटंत लोक दुकानांतनं उठून उभं राहिलं. गल्लीच्या तोंडाशी शालूबाईनं मला बघितलं आणि जो हंबरडा फोडला! माझ्या घरात तर दुसरं माणूसच न्हाय, तवा गेली ती तूच. धोंडू गं, तुझ्यासारखी पोळी कोण लाटंल गं, इथनं सुरू झालं. ज्या बाया तुला फटकळ म्हणायच्या त्याच, बोलणं कसं सरळ हुतं हो तिचं, म्हणून पदर तोंडाला लावून बसल्या. मी आपला वरडतोय, जिती हाय, जिती हाय! तर म्हणाल्या, दुःखानं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. शेजारधर्म म्हणून पिठलं-भाकरी आली. शेवटी मीबी रडलो. गुडघा दुखत हुता.

दिवेलागणीला सयाजी मोटार लावून आला. गर्दी बघून म्हणाला, कोण गेलं? धोंडू? आरं, सकाळी तर थांब्यावर कंडक्टरशी भांडत हुती! भांडत हुती म्हटल्यावर समद्यांची खात्री पटली. मग शालूबाईनं डोळं पुसलं आणि आलेलं पिठलं कशाला परत न्यायचं म्हणून आख्खी गल्ली माझ्या सोप्यात जेवाय बसली. तानी गेल्यापासनं त्या सोप्यात एवढी माणसं बसली नव्हती.

बाकी ठीक. म्हैस असंल, पाऊस असंल, तुझ्या अडचणी असतील. यायचा आग्रह न्हाय.

तुझा दादा,
केरबा

ता. क. लुगडं टपालानं धाडणार न्हाय. टपालात कापड चुरगाळतंय.

ता. क. वहिनीमागं माहेर न्हाय म्हणालतीस. तुझ्यासाठी अर्धी गल्ली रडलीया. आता त्या बाया मला रोज अडवून म्हणत्यात, एवढं रडलोय तर एकदा डोळ्यांनी दाखवा तरी. त्यांना मी काय सांगू ते तूच कळव.

ता. क. गुडघा त्या दिवशी दुखत नव्हता.

ता. क. शनवारी सकाळी सयाजीच्या मोटारीनं मीच मुराळी म्हणून तुला माहेरी न्यायला येतोय. पोळ्या करून ठिवू नको, गाठोडं बांधून ठिव. म्हशीचं पावणं बघतील. नवा पटका घेतलाय, पण तू ओवाळायला ताट हातात घेतल्याबिगर डोईला लावणार न्हाय. तवर बोडकाच फिरतोय. लोक इचारत्यात, केरबा, कोण गेलं? मी सांगतो, गेलं न्हाय कोण, यायचं हाय.