काचेतली थोरली

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

थोरली काचेत आहे! ह्या डोळ्यांनी पाहिली.

भजनी मंडळाच्या बायका वस्तुसंग्रहालय बघायला निघाल्या. पितृपक्षात कसली सहल, म्हणून मी नको म्हणत होते. भामाबाई म्हणाल्या, "चल गं, आज बायकांना तिकीट नाय. फुकट असलं तर तू स्वर्गात बी जाशील!" गेले.

खाली मडकी, मणी, सातवाहनांची नाणी – दहावीला पाठ केलेलं सगळं. वरच्या मजल्यावर एका काचेत चांदीच्या पत्र्याचे टाक. खंडोबा, भवानी, कुणाकुणाचे वीर. लोकांच्या देव्हाऱ्यातले देव ओळीनं लावलेले, ना गंध ना फूल. मी एकेकाला हात जोडत चालले होते. शेवटच्या ओळीत ती. डावा कोपरा वाकलेला, त्यावर तीन दातांच्या खुणा. प्रेरणा दीड वर्षाची असताना देव्हाऱ्यातून उचलून चावली होती. सासूबाई मलाच बोलल्या – लेकरू आईला चावतंय अन् तू बघत बसलीस!

खाली लिहिलंय, 'स्त्री-देवता. चांदी. मराठवाडा.'

कसली देवता! ह्यांची पहिली बायको ती. वच्छला. प्रेरणाला तीन महिन्यांची ठेवून गेली.

बुधवार, १०

झोप नाही. मयत बायकोचा टाक करतात, तो दुसरीनं रोज न्हाऊ घालायचा, सणाला तिला आधी पान. मी केलं सगळं. माझी दोन पोटातच गेली तेव्हा सासूबाई म्हणाल्या – थोरलीचं काही चुकवलं असशील!

अकरा वर्षांपूर्वी, सासूबाई गेल्या त्याच वर्षी, मोडवाल्याला जुनं पितळ दिलं. त्यात तिचा टाक चुकून गेला. प्रेरणाला सांगितलं, झिजला होता, पैठणला गोदावरीत सोडला. किती रडली पोरगी. तिच्याकडं आईचा एक फोटोसुद्धा नाही.

रविवारी ती कन्नडहून येतेय. सोमवारी अविधवा नवमी, वच्छलाचं पान. प्रेरणाला लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आता सातवा महिना आहे. खरं सांगावं का?

ह्यांना विचारलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "काच फोडून आणणार का? गप रहा."

गुरुवार, ११

पोथी उघडली, तशीच मिटली.

शुक्रवार, १२

एकटीच गेले. आज तिकीट काढावं लागलं. काचेवर हात टेकला तर पहारेकरी ओरडला, "बाई, हात काढा!" तिथले साहेब भले माणूस. म्हणाले, कुणीतरी सराफ्यातून विकत घेऊन इथं दान दिलाय, परत देता येत नाही. "पण कुणाचा ते सांगा, नाव लिहू खाली."

नाव माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, तिच्या मुलीला घेऊन येते.

रविवार, १४

एसटी स्टँडवरून प्रेरणाला थेट तिकडंच नेलं. पोटावर हात ठेवून लई वेळ उभी राहिली. "हे दात माझे?" म्हणून हसली. मग रडली. मी सांगितलं – पैठणचं खोटं होतं. मोडीत चुकून गेला, लाजेनं बोलले नाही.

तिनं साहेबांना नाव लिहून दिलं, सुवाच्य अक्षरात.

रिक्षात म्हणाली, "आई, तू दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालतेस. पितळेची पळीसुद्धा तू चार ठिकाणी तोलून दिली असशील. त्यात चांदी चुकून गेली?"

"घाई होती गं."

"व्हय."

सोमवार, १५

नवमी. वच्छलाचं पान प्रेरणानं स्वतः वाढलं. मला पुरण परतू दिलं नाही – "तू बस आई, दमलीस." गोडच बोलली. दुपारच्या एसटीनं गेली. जाताना ह्यांना सांगितलं, बाळंतपण कन्नडलाच करते. पहिलं बाळंतपण, अन् माहेरी नको!

ह्यांनी मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, दवाखाना तिकडं जवळ पडतो.

मंगळवार, १६

त्या वेळी मोडवाला टाक घेत नव्हता. "बाई, देव आहे हा, ठेवा घरात." त्यानं दोनदा परत दिला.

तिसऱ्यांदा मीच त्याच्या पोत्यात टाकला. वरून पितळ ओतलं.