येते म्हणायचं राहिलं

बाबा, तुमची होडी मी पाण्यात घातली. तुम्ही गेल्यापासून ती आमच्या परसात पालथी पडली होती, खाली ह्यांनी नारळाची सोडणं भरून ठेवलेली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी ती सोडणं उपसली आणि आचऱ्याच्या खाडीत उतरले. एका माणसाची होडी, एकच वल्हं. पहिले आठ दिवस मी जागच्या जागी गरगर फिरले. काठावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आता त्यांतल्याच दोघी मागे लागल्यात, आमकाव शिकव म्हणून.

ह्यांना ओरोसच्या नव्या जिल्हा कचेरीत नोकरी लागली आणि दोन वर्षांत अर्धांगवायूने गाठलं. तेव्हापासून मी ह्या घरात अडकले आहे. तुम्हाला सांगते म्हणून खरं सांगते, मला ह्यांचा राग येतो. आजारी माणसाचा राग, म्हणजे बघा मी कशी झाले ते. सकाळी शेजारची काकी येऊन बसते, "जा गो, मी आसंय हंय," म्हणते, आणि मला तासभर मिळतो. आठला ह्यांची गोळी. म्हणून खाडीच्या तोंडापर्यंत जायचं आणि वळायचं. समुद्र समोर दिसतो, पण आठ वाजत आलेले असतात.

अजून डोळ्यांपुढे दिसतं, मी सात वर्षांची आहे. तुम्ही वल्हं खांद्यावर टाकून निघालाय आणि मी दारातून ओरडते, "बाबा, खंय जातास?" तुम्ही तिथूनच माघारी फिरता, वल्हं भिंतीला लावता. "खंय म्हणान इचारू नये गो. दर्यार जाताना येतंय म्हणाचा, जातंय नाय." त्या दिवशी तुम्ही गेलाच नाहीत. घरात मासे नव्हते आणि आई माझ्याशी दिवसभर बोलली नाही. पुढे जन्मभर मी उंबरा ओलांडताना येते म्हणत आले.

परवा मात्र येते म्हटलं नाही. हे माझ्याकडे बघत होते, म्हणण्याची वाट बघत होते, ते मला कळलं. तरी तशीच निघाले. सुकतीचं, ओहोटीचं शेवटचं पाणी बाहेर धावत होतं, त्याबरोबर खाडीचं तोंड ओलांडलं आणि पहिल्यांदा समुद्रात गेले. आठ वाजून गेले असतील. मला कसलीच घाई नव्हती.

परतले तेव्हा साडेनऊ झाले होते. गोळी काकीनेच दिली होती. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. तोंड वाकडं करत कसाबसा एकच शब्द काढला, "इलंस?" मी म्हटलं, "इलंय."

हा कागद होडीत नेला तर भिजेल, घरात ठेवला तर हे वाचतील, तेव्हा चुलीतच जाईल. पण ह्यांना आले म्हणून सांगितलं ते खोटं होतं, बाबा. मी आले नाही. खाडीच्या तोंडाबाहेर गेल्यावर वल्हं मी आत घेऊन ठेवलं होतं, ते पुन्हा हातात धरलंच नाही. भरती लागली आणि तिने आणून सोडलं.