धोंड्याचं वाण

चिकलठाणा, २० मे २०२६

ती. मोनिकाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नको. फोन मी रागात भिंतीवर आपटला, अन् आईच्या फोनवर हे बोलता येत नाय. धोंड्याचा महिना म्हणून लोक जावयाला चांदीचं ताट देतात, अंगठी देतात. माझ्या सायलीच्या बापानं नव्या जावयाला अंदमानची सहल दिली. अन् हॉटेल कोणतं? तू नोकरी करतेस तेच.

तू पाठवलेले फोटो तिला मीच दाखवले होते. झाडीतलं लाकडी घर, पायरीला लागलेलं हिरवं पाणी. लग्न झालं की तिथंच जायचं, असं ठरलं होतं आमचं. कॉलेजात एका पोरानं तिला छेडलं म्हणून मी त्याला हाणलं, कॉलेज सोडलं, अन् माझ्या जागी ती दुसऱ्याला घेऊन चाललीय. विमानतळ इथं गावातच, म्हणजे विमानसुद्धा माझ्याच डोक्यावरून जाणार.

ताई, त्यांना गटाराकडंची खोली दे. एसी बंद पाड. अन् लाज कशी वाटली नाय, एवढं तिला विचारच.

लोभ आटू देऊ नको.
तुझा ऋतुराज


अंदमान, ८ जून

चि. ऋतुराज यास,
अ. उ. आ.

गटाराकडंची खोली आमच्याकडं नाही, सगळीकडून समुद्रच दिसतो. एसीही चालू ठेवला. मला नोकरी करायची आहे, राजा.

तिच्या नवऱ्याला बालीला जायचं होतं, इथला हट्ट हिचाच. तो पोहायला गेला तेव्हा तिनं मला गाठलं, तू दाखवलेल्या फोटोंवरून मला ओळखलं होतं. मी तुझा प्रश्न विचारला. ती शांतपणे म्हणाली, "हाण असं मी म्हणाले नव्हते. कॉलेजात माफी माग अन् परत ये, एवढंच दोन वर्षं म्हणत होते."

वाणाचे अनारसे तिच्या आईनं तिच्यासोबत बांधून दिले होते. नवरा गोड खात नाही. एक त्याच्या हातावर ठेवून तिनं रीत पुरी केली, बाकीचे मला दिले. तुमच्या घरी कुणाला आवडत असतील तर पाठवा, म्हणाली. नाव घेतलं नाही. पाठवतेय.

नवा फोन घे, पण तिला लावू नकोस. माया आहे म्हणून बोलते.
तुझी ताई


चिकलठाणा, २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू तिच्याच बाजूची निघालीस. साधा एसी बंद पाडला नाय.

अनारसे गाईला घालायला निघालो, तर आईनं डबा हिसकला. ताईच्या हॉटेलात करतात म्हणून मी थाप मारली. अंदमानात कोण अनारसे करतं, असं म्हणत तिनं दोन खाल्ले अन् एक माझ्या ताटात टाकला. खाल्ला. लई खुसखुशीत होता, त्याचाच जास्त राग आलाय.

पुढल्या महिन्यात कॉलेजात चाललोय. तिच्यासाठी नाय. पण माफी मागताना पहिलं वाक्य कोणतं म्हणतात, तेवढं पत्र मिळताच आईच्या फोनवर कळव.

रागासकट माझ्यावर जीव असू दे.
तुझा ऋतुराज