पिकअप माझ्या ताब्यात आहे

४ डिसेंबर
गाडी आली. पिकअप, डिझेल, पांढरी. तिला सेकंडहँड म्हणणं मला पटत नाही. अनुभवी म्हणावं.

हिच्या नर्सरीसाठीच घेतली. ही म्हणत होती, छोटं तीनचाकी बघा, कुंड्या आणि खताची पोती तेवढ्यात मावतील. पण निवृत्तीनंतर माणसाने तीनचाकीवर बसावं, हे काही मनाला रुचेना. आता हिला टेम्पोवाल्याची मनधरणी नको. मालक, ड्रायव्हर आणि मेंटेनन्स इनचार्ज, तिन्ही मीच.

संकल्प: मेकॅनिकचं तोंड बघायचं नाही. सगळी नोकरी स्टोअर्समध्ये गेली, पार्ट्सची मला सवय आहे. ते स्टोअर्स स्टेशनरीचं होतं, असं मेहुणा म्हणाला. हिचा भाऊ. उगाच मुद्दे काढतो.

५ डिसेंबर, सकाळी
स्टार्ट होईना. किल्ली फिरवली की आधी पिवळा दिवा लागतो. काहीतरी बिघाड आहे.

नंतर: बिघाड नाही. मेहुणा म्हणाला, थंडीत डिझेल इंजिन आधी आतून तापतं, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर मारायचा. हे मला माहीत होतंच. त्याच्या तोंडून वदवून घेतलं.

९ डिसेंबर
थांबायचा कंटाळा येतो. दिव्यावर चिकटपट्टी लावली. आता तो दिसत नाही, त्यामुळे थांबावं लागत नाही.

१० डिसेंबर
चिकटपट्टी काढली. बॅटरी चार्जिंगला दिली आहे.

१५ डिसेंबर
गाडी काळा धूर सोडते. म्हणजे आतली घाण बाहेर पडतेय. लक्षण चांगलं आहे. शेजारणीच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या. तिने मला बोलावून त्या दाखवल्या. मी पाहिल्या.

एअर फिल्टर बदलायला हवा, असं मेहुण्याचं मत. मी फिल्टर काढून पायरीवर आपटला. बरीच धूळ निघाली. आपटलेला फिल्टर नव्यासारखाच असतो.

२० डिसेंबर
हिला मोठी ऑर्डर. नवीन दवाखाना उघडतोय, आत-बाहेर सगळीकडे झाडं हवी आहेत. शिवाय काम आवडलं तर वर्षभर झाडांची देखभालही हिच्याकडेच. ही जेवताना दोनदा हसली. माझ्याशी बोलताना नाही, फोनवर बोलताना, पण हसली.

मग मला हळूच विचारलं, त्या दिवसासाठी टेम्पो सांगून ठेवू का. दारात गाडी उभी असताना? मी ताट सरकवून उठलो. थोड्या वेळाने परत येऊन जेवण पूर्ण केलं. तात्पर्य, टेम्पो सांगायचा नाही असं ठरलं.

२७ डिसेंबर, दुपारी
उद्या डिलिव्हरी. म्हणून आज पूर्ण सर्व्हिसिंग, स्वहस्ते.

ऑइल पाहिलं. आहे. काळं आहे, पण आहे. टायर लाथ मारून तपासले. मग डिझेल फिल्टर. त्याच्या तळाशी एक छोटा नळ असतो. डिझेलमधलं पाणी तिथे साठतं, ते अधूनमधून सोडून द्यायचं. नळ उघडला, पाणी गेलं, मागून स्वच्छ डिझेल आलं. नळ बंद केला. फार आवळला नाही. आवळून आवळून आटे जातात, हे अनाड्यांना कळत नाही.

हात डिझेलने माखले होते. तसाच घरभर फिरलो. वास राहू दे थोडा.

२८ डिसेंबर
सकाळी सगळ्यांनी मिळून गाडी भरली. उंच पाम मधे, मोठ्या कुंड्या खाली, फुलझाडं कडेला. हिने प्रत्येक कुंडीखाली पोतं सारलं. ही माझ्या शेजारी, मेहुणा मागून स्कूटरवर. त्याची गरज नव्हती.

अर्ध्या वाटेत, पुलाच्या चढावर, गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

मी घाबरलो नाही. बॉनेट उघडलं. डिझेलच्या पाइपात हवा शिरली होती. अशा वेळी फिल्टरवरचा हातपंप दाबून हवा काढायची असते. दाबत राहिलो. अंगठ्याला फोड आला. गाडी चालू व्हायची, घरघरायची, परत बंद. मागे हॉर्न वाजत होते. ही खाली उतरून झाडांवर पाणी शिंपडत होती. ऊन चढलं तशी फुलझाडांनी माना टाकल्या.

मेहुणा म्हणाला, मी मेकॅनिकला घेऊन येतो. मी म्हणालो, हाताशी आलंय. तो म्हणाला, काय हाताशी आलंय. या प्रश्नात मला पडायचं नव्हतं.

शेवटी ही वाकून गाडीखाली बघू लागली. म्हणाली, इथे गळतंय. नर्सरीत ठिबकच्या नळ्यांशी हिचा रोजचा झगडा असतो, त्यामुळे हिला आपलं सगळीकडे गळतानाच दिसतं. हात घालून हिने फिल्टरखालचा नळ पिळून घट्ट आवळला. मी परत पंप मारला. चालू झाली आणि चालूच राहिली.

आता याचं श्रेय कुणाला द्यायचं हा वादाचा विषय आहे. पंप मीच मारला होता.

पोहोचलो तेव्हा उद्घाटनाचे पाहुणे येऊन बसले होते. दवाखान्याच्या मॅनेजरने दुसऱ्या नर्सरीतून झाडं मागवून लावलीही होती. हिने त्याला बाजूला घेऊन समजावलं. तो म्हणाला, पाम ठेवा, बाकी न्या. वर्षभराच्या कामाबद्दल तो काही बोलला नाही, आणि हिनेही विचारलं नाही.

परतताना मी म्हणालो, गाडी शेवटी पोहोचलीच ना. ही खिडकीबाहेर बघत होती. पदराला डिझेल लागलं होतं. मग म्हणाली, त्या माणसाला मी शब्द दिला होता हो. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बोलता आलं असतं.

२९ डिसेंबर
काही लिहावंसं वाटत नाही. चादरीवाली शेजारीणसुद्धा आज काही बोलली नाही.

३ जानेवारी
ही गाडी चालवायला शिकतेय. सकाळी मैदानात, मेहुण्याबरोबर. शिकवायला मी तयार होतो. पहिल्या दिवशी शिकवलंही. मैदान संपायच्या आत हिने गाडी थांबवून मला उतरायला सांगितलं. शिकवताना थोडं ओरडावं लागतं, हे हिला कोण सांगणार.

१२ जानेवारी
हिने मेहुण्याला घेऊन परस्पर गाडी मेकॅनिककडे नेली. फिल्टर, ऑइल, बेल्ट, सगळं नवीन. गाडी आता धूर सोडत नाही. आवाजही गेला. ओळखीची वाटत नाही.

बॉनेटला हात लावायचा नाही, असं ठरलं. दोघांनी मिळून ठरवलं. ही आणि मेहुणा.

२० फेब्रुवारी
हिला लायसन्स मिळालं. मी म्हणालो, अवघड रस्त्यांवर मी चालवीन. ही म्हणाली, बरं. अवघड रस्ते कुठले हे अजून ठरायचं आहे.

६ मार्च
दवाखान्याच्या मॅनेजरचा फोन. दुसऱ्या नर्सरीची झाडं सुकली, हिचे पाम तेवढे टिकले. परत येऊन बघाल का, असं विचारत होता. फोन ठेवून ही ओट्यापाशीच रोपांची यादी लिहू लागली. मी विचारलं, मी काय करू. म्हणाली, चला बरोबर, माणूस लागेलच.

माणूस लागेलच. हे मी दोनदा मनात म्हणून पाहिलं.

८ मार्च
डिलिव्हरी. गाडी ही चालवत होती, शेजारी मेहुणा. पुढच्या सीटवर तिसऱ्याला जागा होती, पण तिथे नाजूक रोपं ठेवली होती. एक उंच झाड वाऱ्याने मोडेल म्हणून कुणीतरी धरून बसायला हवं होतं. ते काम साधं नाही. मी मागे, कुंड्यांमध्ये, खताच्या पोत्यावर बसलो. झाड दोन्ही हातांनी कवटाळून.

सिग्नलला आमच्या ऑफिसचे जुने हेडक्लार्क स्कूटरवर शेजारी येऊन थांबले. पानांतून वाकून मला नीट निरखलं. विचारलं, कामाला लागलात वाटतं. मी म्हणालो, छे, गाडी माझी आहे. ते म्हणाले, मग मागे का बसलात?

मी झाड सरळ केलं, तेवढ्यात सिग्नल सुटला. हिने गाडी इतकी अलगद उचलली की झाडाचं एक पानही हललं नाही.