सेवासमाप्तीचा विग्रह

ती. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

प्रथम गंभीर तक्रार. या लॉजवरची उशी ही उशी नसून वीट आहे, आणि मालकाला ते मान्य नाही.

आज कोर्टात कॉलेजचे वकील म्हणाले, "यांना बडतर्फ केलंच नाही. ही नुसती सेवासमाप्ती, चौकशी हवी कशाला?" मी आमच्या वकीलबाईंना कुजबुजलो, "षष्ठी तत्पुरुष. विग्रह कसाही करा, मास्तर बाहेरच!" त्या हसल्या, न्यायाधीशांनी डोळे वटारले.

माफी लिहून दिली तर परत घेतील म्हणे. संस्थाचालकांच्या नापास भाच्याला पास केलं नाही, याची माफी? मुळीच नाही. लढणार.

तुझे गुडघे काय म्हणतात? बाबांना अजून वाटतंय, मी शिकवतोय. निकालाआधी त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळेल, एवढीच भीती वाटते.

तुझा हट्टी,
धाकटा